आधी राजीनामा देऊ नका: नोकरी डळमळीत असताना कॅन्सरच्या उपचारांची तयारी

आधी राजीनामा देऊ नका. बाकीचं खाली सविस्तर सांगते, पण घाईत असाल तर एवढं एकच वाक्य घेऊन दवाखान्यात गेलात तरी चालेल.

सतरा वर्षं मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात पगारपत्रकं केली. कुणाचा पीएफ कुठे अडकला, कुणाच्या ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्डावर नाव चुकलंय, कुणी चार वर्षं तीन महिन्यांवर रागाच्या भरात चिठ्ठी लिहून दिली आणि ग्रॅच्युइटी घालवली, हे सगळं माझ्या टेबलावरून गेलंय. मग स्तनात गाठ निघाली ती माझ्याच. त्याच महिन्यात कारखाना दुसऱ्या मालकाने घेतला, दोन युनिटं एक झाली, रात्रपाळी बंद झाली आणि ऑफिसातल्या नऊ जणांपैकी चार जण ‘जास्तीचे’ ठरले. माझ्या सासऱ्यांनी लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडताना पाहिली होती, त्यामुळे काम जाण्याची भीती आमच्या घराला नवी नव्हती. दोन्ही संकटं एकाच माणसाच्या वाट्याला यावीत, हे मात्र नवं होतं.

त्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. नोकरी राहते की जाते हे आपल्या हातात फारसं नसतं, पण नोकरीची नोंद सांभाळणं आपल्या हातात असतं. पुढचे पैसे, रजा, औषधं सगळं त्या नोंदीवर मिळतं.

पहिलं काम: तारखा काढा

पहिल्या भेटीत आपण डॉक्टरांना आजाराबद्दल विचारतो, कामाबद्दल विचारायचं राहून जातं. एका कागदावर हे प्रश्न लिहून न्या: आधी ऑपरेशन की आधी केमो? केमो किती आणि किती दिवसांच्या अंतराने? रेडिएशन लागेल का? तपासण्यांना किती दिवस जातील? आणि सगळ्यात महत्त्वाचं, उपचार सुरू करायला जास्तीत जास्त कुठल्या तारखेपर्यंत थांबलं तर चालेल? ही शेवटची तारीख डॉक्टरांच्याच तोंडून घ्या. कारखान्यातली कुठलीही मीटिंग, स्टॉक-टेकिंग किंवा ‘नवीन साहेब येणार आहेत’ हे त्या तारखेला हलवू शकत नाही, असं मनाशी ठरवून टाका.

बायोप्सीचा रिपोर्ट आला की लगेच दुसऱ्या दिवशी उपचार सुरू होत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये कुठली औषधं लागू पडतील ते कळायला गाठीच्या ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या लागतात, स्कॅन होतात, काही औषधांआधी हृदयाची टूडी एको होते. केमोआधी दात दाखवून घ्या, कारण नंतर पांढऱ्या पेशी कमी असताना दात काढणं अवघड होतं. वय कमी असेल आणि पुढे मूल हवं असेल तर तेही केमोआधीच विचारायचं. लाजू नका. या सगळ्याला बहुतेकदा दोन-तीन आठवडे जातात. ते आठवडे रडण्यात जातातच, माझेही गेले, पण कागदपत्रं करायला यापेक्षा बरी वेळ पुढे मिळत नाही.

केमोचं चक्र एकदा समजलं की कामाचं नियोजन जमतं. माझी केमो दर २१ दिवसांनी होती. पहिले चार-पाच दिवस अंगात त्राण नसायचं, जिभेला चव नसायची. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी खाली असतात, म्हणून गर्दी टाळायची. तिसरा आठवडा त्यातल्या त्यात माणसासारखा. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर हे दिवस लाल, पिवळ्या आणि हिरव्या पेनाने रंगवले आणि त्याचा फोटो काढून ठेवला. ऑफिसशी बोलणं हिरव्या दिवसांत. काही औषधं दर आठवड्याला देतात, त्यामुळे तुमचं चक्र वेगळं असू शकतं. रंग तुमच्या डॉक्टरांना विचारून भरा. रेडिएशनचं गणित निराळं आहे. ते बहुधा सोमवार ते शुक्रवार रोज असतं आणि काही आठवडे चालतं. मशीनवर काही मिनिटंच लागतात, पण जाण्या-येण्यात दिवस मोडतो.

दुसरं काम: लॉगिन चालू आहे तोवर फाइल करा

कंपनी हात बदलते तेव्हा सगळ्यात आधी काय बंद होतं? ऑफिसचा ईमेल. त्या पाठोपाठ पगाराचं सॉफ्टवेअर. म्हणून बातमी कानावर आली त्याच आठवड्यात शेवटच्या दोन वर्षांच्या पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, शिल्लक रजेचा उतारा, फॉर्म १६ आणि गट विमा असेल तर त्याची प्रत स्वतःच्या ईमेलवर घ्या. एक छापील संचही ठेवा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ती फाइल कुठे आहे ते सांगून ठेवा.

मग नावं जुळवा. आपल्याकडे निम्मी कामं इथेच अडतात. आधारवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं, रेशनकार्डावर घरातलं हाक मारायचं नाव. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तर एकाच आडनावाची तीन स्पेलिंगं असतात, तीन सरकारी खात्यांत तीन. आधार, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक), ईएसआयचा विमा क्रमांक, बँक खातं आणि रेशनकार्ड शेजारी शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर आजच अर्ज टाका. सलाइन लावलेल्या हाताने ओटीपी शोधण्यात काही मजा नाही.

यूएएनच्या पोर्टलवर कामाला लागल्याची तारीख बरोबर आहे का तेही पाहा. मालक बदलताना जुन्या कंपनीच्या नोंदीत ‘सोडल्याची तारीख’ आणि तिच्यापुढे कारण भरलं जातं. तिथे काय भरलंय यावर लक्ष ठेवा.

तिसरं काम: सही थांबवा

आमच्याकडे एका दुपारी एचआरचा मुलगा ट्रे घेऊन फिरावा तसा कागदांचा गठ्ठा घेऊन फिरला. प्रत्येकासमोर दोन कागद. एक जुन्या कंपनीचा राजीनामा, दुसरं नव्या कंपनीचं नेमणूकपत्र.

“मॅडम, फक्त फॉर्मॅलिटी आहे. सगळ्यांनी केली.”

“ठेवा इथे. घरी वाचते, परवा देते.”

“साहेब आजच मागतायत.”

“साहेबांना सांगा, मॅडम कागद वाचल्याशिवाय सही करत नाहीत. सतरा वर्षं त्यांच्याच कंपनीने हे शिकवलंय.”

तो हसला आणि गेला. दोन दिवस मिळाले.

कारखाना दुसऱ्याकडे गेला म्हणून कामगाराची सेवा तुटलीच पाहिजे असं नसतं. सेवा अखंड धरून आणि आधीपेक्षा कमी नाहीत अशा अटींवर पुढे चालू ठेवता येते. राजीनाम्यावर मात्र सही केली की सेवा तुम्ही स्वतःहून तोडल्याचं दिसतं. मग कामगार म्हणून नोकरकपातीत मिळणारी एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार, हे मागायला जागा उरत नाही. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. नव्या नेमणुकीपासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली तर पुढचं सगळं गेलं. म्हणून मी एक ओळ लिहून मागितली: ‘कर्मचाऱ्याची दि. … पासूनची सेवा अखंड धरली जाईल.’ त्या ओळीसाठी दोन चकरा मारल्या. मिळाली.

ओळ देत नसतील तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारा. बायकांना जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पुरुषांना ती बहुतेकदा उत्पन्नाच्या मर्यादेत मिळते, पण कारखान्यातल्या कामगाराला ती अट नाही, म्हणून त्यांनीही विचारून बघावं.

ठेकेदाराकडून कामाला असाल तर ठेकेदाराचं नाव, त्याचा पीएफ कोड आणि तुमचा ईएसआय क्रमांक आधी लिहून घ्या. ठेकेदार बदलला की जुना माणूस फोन उचलत नाही, हे मी टेबलाच्या पलीकडून बघितलंय.

चौथं काम: कुणाला काय सांगायचं

सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. वरच्या साहेबांना तारखा हव्या असतात, ईएसआयला रोगाचं नाव लागतं, आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला खरं सांगितलं तर तुम्हालाच हलकं वाटतं. बाकीच्यांना ‘उपचार चालू आहेत’ एवढं पुरतं. कपात चालू असताना आजार लपवावा का, हा प्रश्न मला चार जणींनी विचारला. माझं मत असं: तोंडी कुजबुज होण्याआधी लेखी कळवा. कुजबुजीची तारीख नसते, पत्राची असते.

पत्र असं लिहिता येईल:

‘महोदय, माझ्यावर दि. … पासून वैद्यकीय उपचार सुरू होत आहेत. ते साधारण … महिने चालतील. दर … दिवसांनी मला … दिवस रजा लागेल. उरलेल्या दिवसांत मी पगारपत्रक व पीएफ चलनाचे काम करू शकेन. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. माझी सेवा अखंड राहावी, ही विनंती.’

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर सही, शिक्का आणि तारीख घालून पोहोच घ्या. पोहोच द्यायला कुरकुर केली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असेल तर स्क्रीनशॉट छापून ठेवा. मी काय करू शकत नाही हे लिहिण्यापेक्षा काय करू शकते ते लिहिल्याचा उपयोग झाला. पगाराच्या आठवड्यात मी घरून काम करावं असं त्यांनीच सुचवलं.

पाचवं काम: पैसा कुठून येईल

तुम्ही ईएसआयमध्ये असाल तर सगळ्यात आधी ईएसआय. नेहमीच्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कॅन्सर हा ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. सलग दोन वर्षं नोकरी आणि त्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी असेल, तर ९१ दिवस संपल्यावर ८० टक्के दराने पुढचा लाभ सुरू होतो आणि तो दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. १८,००० पगार असेल तर महिन्याला साधारण १४,४०० हातात. घर चालतं. मात्र रजेचा दाखला ईएसआयच्याच डॉक्टरांचा लागतो, आणि बाहेरच्या हॉस्पिटलात जायचं तर आधी तिथून रेफर करून घ्यावं लागतं. आधी परस्पर खाजगीत ऑपरेशन आणि मग बिल मागायला ईएसआय, असा उलटा क्रम करू नका.

इथे एक खाच आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ईएसआयची पगाराची मर्यादा सध्या महिना २१,००० रुपये आहे. आमच्या नव्या मालकाने ‘पगाराची फेररचना’ केली आणि पॅकिंगमधल्या एका ताईंचा पगार २०,२०० वरून २१,६०० झाला. त्यांच्या मिस्टरांची डायलिसिस ईएसआयवर चालू होती. चौदाशेच्या वाढीत ते कार्डच जायला निघालं होतं. मर्यादा ओलांडली तरी चालू वर्गणी काळ, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, संपेपर्यंत वर्गणी चालू राहते आणि तिच्या जोरावर उपचार त्यापुढेही काही महिने मिळतात, पण नंतर नाही. उपचार समोर असताना वाढ मिळाली तर आधी हा हिशेब घाला. पेढे नंतर वाटा.

ईएसआय नसेल, म्हणजे पगार जास्त असेल किंवा घरीच यंत्रमाग, शिवणकाम, विड्या असं काम असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डाचीही अडचण राहिलेली नाही. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याच्या आधी जा. मंजुरी आधी, उपचार मग. तुम्हाला लागणारा उपचार त्याच हॉस्पिटलात योजनेत बसतो का हेही विचारा; ऑपरेशन बसतं आणि रेडिएशनला दुसरीकडे जावं लागतं, असं होतं. योजनेचा फोन १५५३८८.

कंपनीचा गट विमा बहुधा नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. म्हणून नोकरी सुटण्याच्या आधीच त्याच विमा कंपनीला वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, ते लेखी विचारा. निदान झाल्यावर नवी पॉलिसी मिळणं कठीण असतं, त्यामुळे हे दार बंद व्हायच्या आत ठोठवायचं.

पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम ऑनलाइन फॉर्म ३१ भरून काढता येते. मी मात्र ती शेवटी ठेवायला सांगेन. ती पगार नसलेल्या महिन्यांसाठी आहे. जुन्या पद्धतीने आयकर भरत असाल तर कलम ८०डीडीबीखाली ४०,००० रुपयांपर्यंत, आणि रुग्ण साठीपुढचा असेल तर १ लाखापर्यंत वजावट आहे. त्याला कॅन्सरतज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन लागतं.

सहावं काम: उपचार कुठे

सोलापुरात सिव्हिल आहे, सिद्धेश्वर कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि ७० किलोमीटरवर बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल. बार्शीचं नाव ऐकून नाक मुरडणारे नातेवाईक मलाही भेटले. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली, हे त्यांना सांगून मी गप्प बसवलं. दुसरं मत घ्यायला मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जायचं तर जा, पण एकदाच, आणि बायोप्सीचे ब्लॉक व स्लाइड (गाठीच्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) बरोबर घेऊन. नुसता रिपोर्ट नेलात तर ते आणायला परत सोलापूर. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आधी विचारून ठेवा.

उपचारासाठी जाताना रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत १०० टक्के सवलत असते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. हुतात्मा एक्सप्रेससारख्या दिवसाच्या गाडीत सेकंड क्लास आणि एसी चेअर कारला दोघांनाही ७५ टक्के. रेल्वेच्या सवलतीच्या फॉर्मवर हॉस्पिटलचा सही-शिक्का घेऊन तिकीट खिडकीवर काढायचं. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई, हे आमचं ठरलेलं होतं.

लांबचं मोठं की जवळचं बरं, यात मी जवळच्याच्या बाजूची. नोकरीही टिकवायची असेल तर जास्तच.

सातवं काम: डोकं ताळ्यावर ठेवणं

केमोच्या आगेमागे उलटी आणि अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात. त्याने झोप उडते आणि अंगात वारं भरल्यासारखं होतं. दुसऱ्या केमोच्या रात्री दोन वाजता मी उठून फ्रिज पुसला, मसाल्याच्या बरण्या लावल्या आणि मग नव्या मॅनेजरना तीन परिच्छेदांचा मेसेज लिहिला. शेवटची ओळ ‘मी उद्यापासून येणार नाही’. मुलगा पाणी प्यायला उठला म्हणून तो गेला नाही. तेव्हापासून नियम केला: लाल दिवसांत काहीही पाठवायचं नाही. वहीत लिहायचं, हिरव्या दिवशी वाचायचं. ती वही आता वाचवत नाही, इतका राग आहे तिच्यात.

ऑफिसचे फोन एका माणसाकडे द्या. माझ्या धाकट्या दिरांनी ते घेतले. “वहिनी झोपल्यात, काय निरोप?” एवढंच विचारायचे आणि तारीख-वेळ टाकून लिहून ठेवायचे. पुढे ‘आम्ही फोन केला होता, त्यांनी उचलला नाही’ असं कुणी म्हणालं तेव्हा ते पान कामाला आलं. कुणाला काढलं, कुणाला ठेवलं, या बातम्या सांगणाऱ्या ग्रुपला सहा महिने म्यूट केलं. कळायचं ते कळतंच.

फारच खाली जायला झालं, झोप आठवडाभर नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर केमोच्या डॉक्टरांना तसंच सांगा. त्यावर औषध असतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

घरचं

तोंड आलेलं असताना शेंगा चटणी डोळ्यांसमोरून हलवा. कडक भाकरीऐवजी मऊ, दुधात कुस्करलेली. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, म्हणजे साठवलेलं पाणी आलंच. ते उकळून, झाकून, ओगराळ्याने घ्या, हात बुडवून नाही. उन्हाळ्यात केमो असेल तर बाहेरची कामं सकाळीच उरका. जानेवारीत असेल तर त्या वर्षी सिद्धेश्वराची गड्डा यात्रा टीव्हीवर. कुणी काढा, भस्म, गोमूत्र आणून देईल. देणाऱ्याचं मन मोडू नका, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

दाराशी एक पिशवी लावून ठेवा: थर्मामीटर, केमोचं कार्ड, ताजे रिपोर्ट, ईएसआय किंवा रेशनकार्डाच्या झेरॉक्स, एक चादर. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे तीन असले तरी निघायचं. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य ‘केमो चालू आहे, ताप आलाय’ हेच बोलायचं. केसपेपरच्या रांगेत बरोबरचा माणूस उभा राहील.